सरकार डिसेंबरात नागपुरात का येतं, आणि येऊन काय करतं?

डिसेंबर जवळ आला की सिव्हिल लाइन्समधले रस्ते गुळगुळीत होतात, रामगिरी आणि देवगिरी या मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांच्या बंगल्यांवर रंगाचा हात फिरतो, रवी भवन आणि आमदार निवासातले गिझर तपासले जातात आणि सीताबर्डीत दुकान असलेला माणूस घरी जायला गल्लीबोळातली वाट शोधून ठेवतो. हिवाळी अधिवेशन येऊन राहिलं असतं. बाकीच्या महाराष्ट्राला दरवर्षी तोच प्रश्न पडतो: एवढे मंत्री, अधिकारी, पोलीस आणि फायलींचे गठ्ठे आठशे किलोमीटर हलवायचे कशासाठी? मंडळी हुरडा खाऊन, ताडोबा पाहून परत जाणार, असा टोमणाही ठरलेला.

नागपुरात कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं: करार आहे. पण हा करार कोणत्या कायद्यात आहे, असं पुढे विचारलं की गाडी अडते. राज्यशास्त्राच्या वर्गातही अडते. खरं सांगायचं तर नागपूर करार हा कायदा नाही, कधी नव्हताही. त्यातल्या काही गोष्टी कायद्यात गेल्या, काही संविधानात, आणि काही नुसत्याच चालत राहिल्या. कोणती गोष्ट कुठे गेली, हे एकदा नीट पाहिलं की विदर्भाच्या राजकारणातली निम्मी भांडणं उलगडतात.

१९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, आणि तेही महाराष्ट्राची नव्हे. आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची, १९५० नंतर मध्य प्रदेशची. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. विधिमंडळ इथे, सचिवालय इथे, १९३६ पासून स्वतःचं उच्च न्यायालयही इथेच. मराठी भाषकांचं एक राज्य करायचं तर हे सगळं सोडून मुंबईच्या मागे जायचं होतं. शहरातले वकील, कारकून, कंत्राटदार, खानावळवाले, सगळ्यांचं पोट राजधानीवर होतं. शिवाय विदर्भाचा महसूल शिलकीत असायचा. आपला पैसा पश्चिमेकडे वळेल ही धास्ती त्या काळातली आहे, तिचा शोध आजच्या पुढाऱ्यांनी लावलेला नाही.

ती घालवायला तिन्ही भागांतले काँग्रेस नेते एकत्र बसले आणि २८ सप्टेंबर १९५३ रोजी करार झाला. मुंबई राज्यातून भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव चव्हाण, विदर्भातून रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे, मराठवाड्यातून देवीसिंह चौहान अशा मंडळींच्या त्यावर सह्या. कलमं अकरा. मुंबई राजधानी राहील आणि नागपूरला उच्च न्यायालयाचं पीठ असेल. तिन्ही भागांवर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च होईल, मराठवाड्याकडे खास लक्ष दिलं जाईल. सरकारी नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात सगळ्यांना वाटा मिळेल. आणि सरकार दरवर्षी ठराविक काळ नागपुरात मुक्काम हलवेल, विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे भरेल.

लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याच्या याद्या होतात तसं हे झालं. सह्या सगळ्यांच्या, पण पुढे कोणी शब्द फिरवला तर जाब कुठे विचारायचा, याबद्दल यादीत एक अक्षर नाही.

करारावर सगळे खूष होते असंही नव्हे. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने तर विदर्भाचं वेगळं राज्य करावं, अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. करारावर सही करणारे यशवंतराव चव्हाणच नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे करार पाळण्याचं ओझं निदान सुरुवातीला तरी सही करणाऱ्याच्याच खांद्यावर होतं.

न्यायालयाचं काय झालं ते लवकर सांगून होतं. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात ४१ वं कलम आहे. उच्च न्यायालयाचे किमान तीन न्यायाधीश नागपुरात बसतील, असं ते सांगतं. म्हणजे कराराचा हा भाग सरळ कायदा झाला. त्यावर आज मोर्चा निघत नाही, भाषण होत नाही, कोणाला त्याची आठवणही येत नाही. कायद्यात पक्की बसलेली गोष्ट राजकारणातून अशीच नाहीशी होते.

अधिवेशनाचं तसं झालं नाही. संविधानाचं १७४ वं कलम एवढंच म्हणतं की राज्यपाल त्यांना योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी सभागृहांना बोलावतील, आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. प्रत्यक्षात मंत्रिमंडळ सल्ला देतं आणि राज्यपाल बोलावतात. नागपूर हे नाव तिथे कुठेच नाही. उद्या एखाद्या सरकारने अधिवेशन मुंबईत घ्यायचं ठरवलं तर न्यायालयात जाऊन ते अडवायला फारसा आधार नाही. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं अधिवेशन मुंबईतच झालं. आरडाओरडा झाला, पण कायद्याचं काही मोडलं नाही. उलट २०१८ मध्ये सरकारने पावसाळी अधिवेशनच नागपुरात आणलं. ६ जुलैला एवढा पाऊस पडला की विधान भवनाच्या वीज यंत्रणेत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज तहकूब करावं लागलं.

तरीही गेली साठपेक्षा जास्त वर्षं सरकारं येत राहिली, याचं कारण साधं आहे. न येण्याची राजकीय किंमत फार मोठी आहे. अधिवेशन सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. ते झालं की नाही, हे सांगायला कोणतीही समिती लागत नाही.

दिसण्याच्या या गुणाची दुसरी बाजू अशी की अधिवेशन भरलं म्हणजे करार पाळला, असं म्हणून मोकळं होता येतं. किती दिवस भरलं, याला कराराचं बंधन नाही. २०२४ चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवसांचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. खाती मिळेपर्यंत अधिवेशन संपलं होतं. ज्या खात्याचा मंत्रीच ठरलेला नाही, त्या खात्याला विदर्भाच्या आमदाराने प्रश्न विचारायचा तरी कसा?

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट. राज्याचा अर्थसंकल्प मार्चच्या आसपास मुंबईत मांडला जातो. कोणत्या धरणाला किती, कोणत्या रस्त्याला किती, हे तिथे ठरतं. नागपुरात येतात त्या पुरवणी मागण्या. वर्षाच्या मध्ये खर्च वाढला, नवी योजना जाहीर झाली किंवा केंद्राच्या हिश्शाबरोबर राज्याचा हिस्सा घालायचा राहिला, तर सरकार सभागृहाकडे जास्तीचे पैसे मागतं. रक्कम लहान नसते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात मांडलेल्या पुरवणी मागण्या ५५,५२० कोटी रुपयांच्या होत्या. पण हे पैसे बहुतेक आधीच ठरलेल्या गोष्टींचे असतात, आणि मागण्यांचं पुस्तक खातेवार असतं. विदर्भाला किती, हे त्यातून एका नजरेत निघत नाही. अधिवेशनाच्या शेवटी विदर्भाच्या प्रश्नांवर चर्चा होते, विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव येतो, मुख्यमंत्री उत्तर देतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत घोषणांच्या चौकटी छापून येतात. त्या घोषणांसाठीचा पैसा मात्र पुन्हा मार्चमध्ये, मुंबईतच शोधावा लागतो.

मग नागपुरातल्या अधिवेशनाला काहीच अर्थ नाही का? माझ्या मते आहे, पण तो सभागृहापेक्षा बाहेर जास्त आहे. गडचिरोलीच्या अंगणवाडी सेविकेला मंत्रालय गाठायचं तर दोन दिवसांचा प्रवास आणि मुंबईत राहण्याचा खर्च. नागपूरला ती सकाळी निघून पोचते. म्हणून अधिवेशनाच्या काळात यशवंत स्टेडियमपाशी मांडव पडतात. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कंत्राटी कर्मचारी, धनगर, हलबा, गोवारी, शेतकरी संघटना, एकामागून एक. मोर्चा निघतो, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडला पोलिसांचे कठडे लागतात, चार-पाच जणांचं शिष्टमंडळ गाडीत बसवून विधान भवनात नेलं जातं आणि बाकीचे रस्त्यावरच बसून राहतात. शिष्टमंडळ बाहेर येऊन काय सांगतं त्यावर मोर्चा उठणार की मुक्काम करणार हे ठरतं. वर्षभर साचलेली गाऱ्हाणी एका-दोन आठवड्यांत, एका चौकात मांडायची, अशी ही व्यवस्था आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला तिचं सगळ्यात भयंकर रूप दिसलं. अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यात बायका आणि लेकरं होती. झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक त्यांचं आहे. ज्या मागणीसाठी ते आले होते, ती २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मान्य केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

आता पैशांकडे. करारातला खर्चाचा आणि नोकऱ्यांचा भाग संविधानात गेला, ३७१ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात. हे ऐकायला खूप भक्कम वाटतं. कलम काय सांगतं? राष्ट्रपती आदेश काढून महाराष्ट्राच्या राज्यपालांवर खास जबाबदारी टाकू शकतात. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं करणं, त्यांचे अहवाल दरवर्षी विधानसभेसमोर ठेवणं, विकासखर्चाचं न्याय्य वाटप करणं, शिक्षणात आणि नोकऱ्यांत पुरेशी संधी देणं, ही ती जबाबदारी. पण राष्ट्रपतींनी हा आदेश काढलाच पाहिजे, असं बंधन कलमात नाही. म्हणून १९५६ साली संविधानात आलेलं कलम जवळजवळ चार दशकं तसंच पडून राहिलं. मंडळं झाली ती १९९४ मध्ये.

तोवर गाजत होता अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची थकबाकी. हे नाव विदर्भात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण तो मोजतात कसा हे फार थोड्यांना ठाऊक. १९८३ मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली, १९८४ मध्ये अहवाल आला. समितीने रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रं घेतली. समजा सिंचनात राज्याची सरासरी शंभरात वीस हेक्टर आहे आणि एका जिल्ह्यात बाराच हेक्टर भिजतात. मग त्या जिल्ह्याचा भौतिक अनुशेष आठ हेक्टर. ती आठ हेक्टर भिजवायला त्या वेळच्या दराने जो खर्च येईल, तो आर्थिक अनुशेष. प्रत्येक जिल्हा आणि प्रत्येक क्षेत्र असं करत बेरीज झाली ३,१८६ कोटींची. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस, उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्क्यांच्या वर.

विदर्भातल्या नेत्यांना झोंबला तो शेवटचा आकडा. पश्चिम महाराष्ट्राचा कसला अनुशेष? पण समितीने मोजमाप जिल्ह्यांचं केलं होतं, विभागांचं नव्हे, आणि कोकणातले किंवा दुष्काळी पट्ट्यातले जिल्हेही सरासरीच्या खाली होते. हिशोब म्हणून त्यात खोट काढता येत नाही. अडचण वेगळीच होती. अनुशेष भरून निघेपर्यंत पुढे असलेले जिल्हे थांबत नाहीत. ते पुढे गेले की सरासरी वर सरकते आणि मागचा जिल्हा पुन्हा मागे पडतो. १९९४ ची स्थिती धरून दुसऱ्या समितीने हिशोब केला तेव्हा अनुशेष १४,००६ कोटींवर गेलेला होता. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका धरायला सांगितलं, कारण जिल्ह्याच्या सरासरीत मागास तालुके झाकले जातात.

आर्थिक अनुशेष संपला असं सरकार सांगतं आणि शेतकरी म्हणतो माझ्याकडे पाणी नाही. ऐकणाऱ्याला वाटतं कोणीतरी एक जण खोटं बोलतोय. बहुधा दोघंही खरं बोलत असतात. पैसे दिले गेले, धरण पुरं झालं नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मध्ये झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, खर्च कित्येक हजार कोटींवर गेला, आणि भूसंपादन, पुनर्वसन, कालव्यांची कामं, चौकशा यांचं गुऱ्हाळ सुरूच राहिलं. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या चार जिल्ह्यांत तर पैशांचा हिशोब मिटल्यावरही हेक्टरांचा मिटला नाही. कारण नुसतं पैशांचं नव्हतं. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग आहे. पूर्वेला जंगल आहे, आणि जंगल नसलेलं जंगलही आहे. मध्य प्रांताच्या महसूल नोंदींत चराईची, काट्याकुट्यांची जमीन झुडपी जंगल म्हणून लिहिलेली होती. १९८० चा वनसंवर्धन कायदा आल्यावर ती वनजमीन मानायची का, यावर वाद लागला आणि कालवा काढायलासुद्धा दिल्लीची परवानगी लागायला लागली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचं सांगितलं. नागपूरची राजधानी गेली तरी तिच्या दफ्तरातली एक नोंद आजही सहा जिल्ह्यांतल्या कामांना आडवी येते.

आणि ती मंडळं? त्यांचं काम अभ्यास करणं, राज्यपालांना सल्ला देणं. दर काही वर्षांनी मुदतवाढ लागायची. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली आणि वाढ मिळाली नाही. त्या वेळी राज्यपाल विरुद्ध सरकार असं भांडण पेटलेलं होतं, विधान परिषदेच्या १२ नियुक्त्या राज्यपालांकडे अडल्या होत्या. २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहातच सांगितलं की ती १२ नावं जाहीर होतील त्या दिवशी मंडळंही जाहीर करू. विदर्भाच्या संविधानिक संरक्षणाची किंमत किती, ते या एका वाक्यात कळलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुढच्या सरकारच्या मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा स्थापन करायचं ठरवलं. म्हणजे बघा, ज्या अधिवेशनाला कायद्याचा टेकू नाही ते चालू आहे, आणि ज्या मंडळांचं नाव संविधानात आहे ती बंद पडू शकली. मंडळ बंद पडलं तेव्हा सीताबर्डीतल्या एकाही दुकानाचा गल्ला कमी झाला नाही.

यावर नेहमीचं म्हणणं येतं की मुख्यमंत्री आपला हवा होता. होता की! मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे. वसंतराव नाईक पुसदचे, ते १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री होते. पुढे सुधाकरराव नाईक झाले, देवेंद्र फडणवीस झाले. अनुशेषाचा पाया तर वसंतरावांच्या काळातही घातला जात होता. मुख्यमंत्री जिथला असेल तिथे काही इमारती आणि काही पूल जास्त होतात, पण त्याला टिकून राहायचं असतं २८८ आमदारांच्या सभागृहात.

त्या २८८ मध्ये विदर्भाचे किती? २००४ पर्यंत ६६ होते. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ पासून ६२ झाले. लोकसभेत ११ चे १० झाले, वाशीम आणि यवतमाळ या दोन मतदारसंघांचा एक झाला. गंमत अशी की त्याच फेररचनेत नागपूर शहराची एक जागा वाढली, दक्षिण-पश्चिम. तोटा झाला तो खेड्यापाड्यांच्या विदर्भाचा. ठाणे, पुणे, मुंबईची उपनगरं फुगत गेली, इथली लोकसंख्या त्या वेगाने वाढली नाही, आणि इथली तरुण पोरं कामासाठी तिकडेच गेली.

१९५३ च्या नेत्यांनी लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा मागितला तेव्हा ती अट विदर्भाच्या बाजूची होती. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या ११.२४ कोटींपैकी विदर्भात २.३० कोटी, म्हणजे साडेवीस टक्क्यांच्या आसपास माणसं आहेत. जमीन ३१ टक्क्यांहून जास्त आहे. रस्ता, कालवा, विजेची तार जमिनीवरून जाते, माणशी मोजली तर पुरत नाही. कराराची अक्षरशः अंमलबजावणी मागणाऱ्या पुढाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं. वेगळ्या राज्याची मागणी इथूनच पुन्हा पुन्हा वर येते, आणि ती मुंबईच्या हातात नाही. संविधानाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या बहुमताने नवं राज्य करू शकते, विधिमंडळाचं फक्त मत घेते. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी तेलंगणा झालंच. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला विदर्भाच्या बाजूने ठराव केला होता. त्यानंतर केंद्रात सत्ता आली, राज्यात आली, तो ठराव पुढे सरकला नाही.

२०२७ ची जनगणना झाली की मतदारसंघांची नवी फेररचना होऊ शकते. आज विदर्भाकडे विधानसभेच्या साडेएकवीस टक्के जागा आहेत, माणसं २०११ मध्येच त्याहून कमी होती. एकूण जागा २८८ च राहिल्या आणि नुसती लोकसंख्या धरली, तर २०११ च्या हिशोबानेसुद्धा ६२ च्या ५९ होतात. त्यातल्या नागपूर शहराच्या किती आणि मेळघाट, गडचिरोलीच्या किती, हे त्या वेळी आयोगापुढच्या सुनावण्यांत ठरेल. त्या सुनावण्यांना हरकती घेऊन कोण जातं, तेही बघायला मिळेल.